उलट न बोलणारा नकाशा

धाराशिवच्या एका कापडाच्या दुकानात आमच्या साहेबांनी शर्ट निवडला, अंगाला लावून बघितला, आरशासमोर मान तिरकी करून पसंतही केला. बिल करताना काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं मोबाइल नंबर विचारला. साहेब म्हणाले, "गरज काय?" ती म्हणाली, नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही. साहेबांनी शर्टाची होती तशी घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, काढलेल्या टाचण्या एकेक करून पुन्हा लावल्या आणि शर्ट काउंटरवर ठेवून ते बाहेर पडले. मी साडीच्या काउंटरला होते, तिथून सगळं दिसत होतं. दाराशी वहिनी रिकामी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी साहेबांच्या हाताकडं बघितलं आणि चालायला लागल्या. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नात साहेब जुन्याच शर्टात होते आणि प्रसन्न होते.

मी त्या वेळी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, शेतकी विभागात संगणकावर होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. साहेब आमच्याकडं गटप्रमुख होते. कारखान्याच्या हद्दीतली गावं गटागटांत वाटलेली असतात आणि गटप्रमुखानं बांधावर जाऊन कुणी किती ऊस लावला, कधी लावला, कसा आलाय, हे नोंदवायचं असतं. त्या नोंदीवरून तोडणीचा क्रम लागतो. ऊस वेळेत तुटला तर शेतकऱ्याचं वर्ष गोड, नाहीतर उसाला तुरे फुटतात, वजन घटतं आणि घरात भांडणं. त्यामुळं गटप्रमुखाला गावात जावयासारखा मान असतो. बरेच गटप्रमुख जावयासारखेच वागतात, म्हणजे बोलावल्याशिवाय जात नाहीत.

साहेब न बोलावता जायचे. उंच, वाळके, डोक्याला सुती टोपी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. पिशवीत दोन फोन. एक बटणांचा, बोलण्यापुरता. दुसरा मोठ्या काचेचा, पण त्यात सिमच नाही, आणि त्याच्या कॅमेऱ्यावर कायम चिकटपट्टी. हा दुसरा फोन म्हणजे त्यांचा नकाशा. साऱ्या जगाला रस्ता दाखवणारा तो मोठ्या कंपनीचा नकाशा त्यांना चालायचा नाही. त्यांचा नकाशा वेगळा होता. तो एकदाच उतरवून घ्यायचा, मग इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही, जाहिरात नाही, नाव-गाव-नंबर काही मागत नाही. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेला, फुकट, आणि आतली सगळी घडण उघडी. ज्याला वाचायची त्यानं वाचावी. धाराशिव जिल्ह्यात ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. पण वाचता येते या गोष्टीचा साहेबांना घरच्या बोअरला पाणी लागल्यासारखा आनंद होता.

हे ते भेटेल त्याला समजावून सांगायचे. मलाही सांगितलं, बऱ्याचदा. "ताई, उपग्रह वरनं बोलतो आणि हा फोन नुसता ऐकतो. रेडिओसारखं. रेडिओला ठाऊक असतं का, तुम्ही कुठल्या खोलीत बसून ऐकताय? हा नकाशा उलट बोलत नाही. त्यो दुसरा असतो तो उलट बोलतो. तुम्ही दवाखान्यात गेलात, सांगतो. सोनाराकडं गेलात, सांगतो." मी विचारलं, कुणाला सांगतो? ते म्हणाले, तेच तर कळत नाही. मग डोळे बारीक करून माझ्या फोनकडं असं बघायचे, की मला तो पदराखाली झाकावासा वाटायचा.

गंमत अशी, की दुनियेला "गरज काय" विचारणारा हा माणूस बांधावर गेला की स्वतः कशाकशाची चौकशी करायचा त्याला सुमार नव्हता. विहिरीला पाणी किती, मोटर कितीची, थोरल्याचं धाकट्याशी पटतं का, सुनेचं बाळंतपण कुठं करणार. आणि त्यातलं नकाशावर टाकण्याजोगं असेल ते टाकायचा. त्या नकाशात कुणालाही भर घालता येते, ती पुढं कधी इंटरनेट मिळालं की वर जाते. साहेबांनी आमच्या हद्दीतल्या विहिरी, ओढ्यावरचे बांध, पांदणीतले खड्डे, सावलीची झाडं असं सगळं घातलं होतं. बोअरपुढं "पाणी मचूळ", एका वस्तीपुढं "कुत्रं सोडलेलं असतं". माणसाचं नाव मात्र कुठंही नाही, तो त्यांचा नेम होता. स्वतःचंही नाही, टोपणनावानं लिहायचे आणि आपण कोण हे कुणालाच कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. जिल्ह्यात बोअरची चव लिहून ठेवणारा दुसरा माणूस जन्मायचा होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आमच्या भागात फोन उचलला की पहिला प्रश्न "कुठंय?" तब्येत, पाऊसपाणी नंतर. आणि त्यावर कुणी खरं सांगत नाही, विचारणाऱ्याचीही तशी अपेक्षा नसते. घरात चहा पीत असलेला माणूस "हे काय, ढोकी सोडली" म्हणतो आणि ढोकीत असलेला "आलोच, दारात हाय" म्हणतो. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्याला खोटं आणि कंपनीला खरं, अशी आमची रीत. साहेब खोटं बोलत नसत आणि खरं सांगत नसत. "कुठं आहात?" विचारलं तर "आहे" म्हणायचे. कधी येणार विचारलं तर "वेळेत". वहिनींनी या दोन शब्दांवर संसार केला.

एकदा लोहाऱ्याला आमच्या स्टोअरकीपरच्या मुलीचं लग्न होतं. कारखान्याच्या जीपमधून आम्ही पाचसहा जण निघालो. ड्रायव्हरला तो रस्ता झोपेत पाठ, पण साहेबांनी नकाशा उघडला आणि मधून एक पांदण आहे, तिनं गेलं की बरंच वाचतं, असं जाहीर केलं. ड्रायव्हर नको म्हणत होता. साहेब वयानं मोठे, त्यामुळं जीप पांदणीत घातली. थोडं गेल्यावर समोर कडब्याची गंज, आणि गंजीच्या अलीकडं रस्ता आडवा खोदून टाकलेली पाइपलाइनची चारी. पुढं जाता येईना, मागं वळायला जागा नाही. माझ्या पैठणीत बाभळीचा काटा अडकला तो तेव्हाच.

सगळे वैतागलो, एकटे साहेब खुशीत उतरले. चुकलेला रस्ता सापडला की त्यांना घबाड मिळाल्यासारखं व्हायचं. "आपण चुकलो ते चुकलो, पुढच्यानं कामून चुकावं," म्हणत त्यांनी फोन काढला. तेवढ्यात शेताचा मालक आला. साहेबांनी त्याला अगदी अदबीनं विचारलं, की हा रस्ता कायमचा बंद आहे का तात्पुरता. मालक म्हणाला, चुलत्याच्या पोरांची वाट बंद करायला चारी मारली. साहेब म्हणाले, ते समजलं, पण नकाशात दोन प्रकार असतात, त्यातला कुठला टाकू? मालक विचारात पडला. असा प्रश्न त्याला तहसीलमध्येसुद्धा कुणी विचारला नसावा. भावकी मिटण्यासारखी आहे का, यावर दोघं जण गंजीला टेकून बराच वेळ बोलले. शेवटी मालकच म्हणाला, "कायमचा टाका सायेब. आमचं मिटत न्हाय." साहेबांनी तसं टाकलं. मग त्या मालकानं आम्हाला घरी नेऊन भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घातली, ट्रॅक्टर लावून जीप मागं ओढून दिली, आणि आम्ही लोहाऱ्याला पोचलो तेव्हा मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. स्टोअरकीपर वर्षभर साहेबांशी बोलला नाही.

असं सगळं ठीक चाललेलं असताना कारखान्याच्या एमडींना आधुनिक व्हायची लहर आली. शेतकी विभागातल्या प्रत्येकाला कारखान्याचा एक फोन मिळाला. तो सतत जवळ बाळगायचा, बंद करायचा नाही. आणि माझ्या टेबलावर एक मोठा पडदा आला. त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि त्यात हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर नाव. कोण कुठं आहे, किती फिरला, किती बसला, सगळं आपोआप मोजलं जाणार. एमडी माझ्या मागं उभं राहून ठिपक्यांकडं बघायचे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नातवाला रांगताना बघणाऱ्या आजोबांचं कौतुक असायचं.

साहेबांनी फोन सही करून घेतला, गट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, चार्जिंगला लावला आणि ते टोपी घालून शिवारात गेले. त्यामुळं पडद्यावर त्यांचा ठिपका दिवसरात्र गट ऑफिसात. बाकीच्यांचे ठिपके पहिले काही दिवस खरे हलले. मग त्यांना दूध संकलनाचा टेम्पो आठवला. तो सकाळ-संध्याकाळ साऱ्या गावांतून फिरतोच. सगळ्यांनी आपापले फोन एका पिशवीत घालून ती टेम्पोवाल्याच्या सीटखाली ठेवायला सुरुवात केली. माझ्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांचा घोस निघायचा, प्रत्येक डेअरीपुढं थांबायचा, शीतकरण केंद्रावर बराच वेळ विसावायचा आणि परत फिरायचा. मी एमडींना एकदा हळूच सुचवलं, की सगळे एकत्रच कसे फिरतात, जरा विचित्र वाटतं. ते म्हणाले, "ह्याला टीमवर्क म्हणतात, मॅडम." दूध रविवारीही निघतं, त्यामुळं ठिपके रविवारीही फिरले. एमडी ते बघून गहिवरले. मासिक मीटिंगमध्ये सगळ्यांचं टाळ्या वाजवून अभिनंदन झालं. त्याच मीटिंगनंतर साहेबांच्या नावानं नोटीस निघाली, की आपण सतत कार्यालयात बसून असता, शेतावर एकदाही गेलेला नाहीत, आपणास कामावरून का काढू नये.

नोटीस मीच टाइप केली. जो माणूस ऑफिसात बसत नाही म्हणून त्याच्या सह्या घ्यायला आम्हाला बांध तुडवत जावं लागायचं, त्याच्यावर बसून राहिल्याचा आरोप. मला हसू आलं आणि मग ते जिरलं, कारण नोटीस खरी होती. चौकशी लागली. निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली. आयुष्यभर शिवार तुडवलेल्या माणसाला कामचुकार म्हणून घरी पाठवणार होते.

वहिनी एका दुपारी ऑफिसात आल्या. कधी यायच्या नाहीत. पदरानं घाम पुसत माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, त्यांच्या त्या बिनसिमच्या फोनात समदं हाय. कुठनं कुठं गेलते, त्याची रेघ उमटती त्यात. रोज संध्याकाळी बघत बसतेत. ती नुसती दाखवली तरी भागतंय. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील." बाईनं आयुष्यात नवऱ्याकडं काही मागितलं नसावं, आणि आता मागावं तर तेही माझ्यामार्फत.

मी गेले. कँटीनच्या मागं साहेब बशीत चहा ओतत होते, शेजारी नोटीस होती, उघडून मिटून घड्यांवर फाटलेली. म्हणजे माणूस घाबरला होता. मी म्हणाले, रेघ आहे ना, दाखवून टाका. ते म्हणाले, "ती रेघ माझी हाय, ताई. कुठं काय चुकलं, कुठल्या वाटेनं जायचं राहिलं, हे मला बघायला ठेवलीय. आज मी दाखवली तर उद्या ती मागतील. परवा समद्यांना मागतील." मी म्हणाले, आणि नोकरी गेली तर? त्यांनी चहा पिऊन बशी कपावर पालथी घातली. "तर जाईल," म्हणाले. मला इतका राग आला की मी तिथून उठलेच. तत्त्वाची माणसं लांबून बरी दिसतात, त्यांच्या घरच्यांना विचारावं. आणि राग असूनही त्या रात्री जेवण गेलं नाही, हेही खरं.

चौकशीला लातूरकडचे एक निवृत्त अधिकारी नेमले होते. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजून मापून. माणूस वाईट नव्हता. त्यांनी साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, एमडींच्या माणसानं वाचलेला ठिपक्यांचा अहवाल शांतपणे ऐकून घेतला. मग विचारलं, तुमचं म्हणणं काय? साहेब म्हणाले, मी शेतात होतो. पुरावा? साहेब म्हणाले, "ऊस. जाऊन बघा, नोंदलाय तसाच हाय." अधिकारी म्हणाले, ऊस खुर्चीत बसूनही नोंदवता येतो. मी टंकलेखनाला बसले होते. दोन हातांवर तो फोन पिशवीत होता आणि साहेब छताच्या पंख्याकडं बघत होते.

तेवढ्यात शिपाई आत आला आणि म्हणाला, बाहेर एक म्हातारी सकाळपासून बाकावर बसलीय, साक्ष द्यायची म्हणते. साहेबांनी कुणालाही बोलावलं नव्हतं. पण सायबावर आळ आलाय ही बातमी गटात पोचली होती आणि त्यांच्या गटातल्या एक आजी वडापच्या जीपला लटकून एकट्याच आल्या होत्या. ठेंगण्या, खरखरीत आवाजाच्या, हिरव्या लुगड्यातल्या. त्यांचा थोडा ऊस कारखान्याकडं नोंदलेला होता. आत आल्या, सगळ्यांना एकदा बघून घेतलं आणि खुर्ची नको म्हणून खाली बसल्या. अधिकाऱ्यांनी हे गटप्रमुख तुमच्या शेतात आले होते का म्हणून विचारलं, आणि आजींनी सांगायला सुरुवात केली.

पुढची पंधरावीस मिनिटं साहेबांच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण असावीत. आजींनी काही ठेवलं नाही. सायेब आले तेव्हा ऊस गुडघ्याएवढा होता. फोन वर धरून बांधाबांधानं चालले, मधेच एकटेच हसले. मी बांध कोरला म्हणून माझ्याशी भांडले. मग लिंबाखाली बसून बूट काढले, डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. टोपी तोंडावर घेऊन झोपले, घोरले. उठून ताक मागितलं, बिनमिठाचं, बीपी आहे म्हणून, आणि त्याच्याबरोबर लोणच्याच्या चांगल्या तीन फोडी खाल्ल्या, आणि घरी कळू देऊ नका म्हणाले. दारापाशी वहिनी उभ्या होत्या, त्यांनी हे ऐकलं. जो माणूस कापडाच्या दुकानाला फोन नंबर देत नव्हता त्याचा मोजा, घोरणं आणि लोणचं कारखान्याच्या दप्तरी जमा होत होतं. मी सगळं टाइप करत होते. साहेब कानापर्यंत लाल झाले होते आणि त्यांना कुठं बघावं कळत नव्हतं.

अधिकाऱ्यांनी तारीख विचारली. आजी म्हणाल्या, "तारीख न्हाय येत मला. कोळपणी चालली व्हती." मग त्यांनी मऊ आवाजात विचारलं, की असं असं सांगा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं का, आजी? आजींना प्रश्न समजला नाही. अधिकारी माझ्याकडं वळून म्हणाले, "लिहा. साक्षीदाराचे कथन आधाराअभावी ग्राह्य धरता येत नाही."

आजींनी मला विचारलं, "काय म्हनलं ओ त्ये?"

मला सांगणं भाग होतं. मी म्हणाले, "आजी, ते म्हणतेत, तुमचं खरं कशावरनं."

आजी अधिकाऱ्यांकडं बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. गोंधळल्या. आपल्या शेतात, आपल्या लिंबाखाली, आपल्या डोळ्यांनी बघितलेलं खरं कशावरून, असं त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. "म्या खोटं कशाला बोलू, बाबा?" एवढंच म्हणाल्या, पदर सावरला आणि जमिनीवर हात टेकून उठायला लागल्या. एवढा वेळ तोंड चालवणारी बाई एकाएकी लहान दिसायला लागली होती, आणि मला त्या सफारीवाल्याच्या दोन्ही पेनांचा राग आला.

"थांबा आजी," साहेब म्हणाले.

त्यांनी पिशवीतून फोन काढला, उघडला आणि अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. "बघा," म्हणाले. स्वतःची नोकरी जात होती तोवर जो हात पिशवीकडं गेला नव्हता तो गेला. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. मीही वाकून बघितलं. आमच्या हद्दीच्या नकाशावर निळ्या रेघांचं जाळं होतं. प्रत्येक बांधावरून गेलेली, ओढ्याशी अडखळलेली, वस्तीला वळसा घातलेली रेघ. किती वर्षांच्या असतील कोण जाणे. अधिकारी बोटानं नकाशा सरकवत राहिले. आजींचं शेत सापडलं. तिथं लिंबाच्या झाडापुढं "सावली" लिहिलेलं होतं आणि रेघेचा एक गुंता झाला होता. त्यांनी विचारलं, हे काय? साहेब म्हणाले, "इथं झोपलो होतो. फोन खिशात व्हता, कूस बदलली की रेघ हलती." अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तारीख बघितली. ती कोळपणीच्या दिवसांतलीच होती.

मग ते खुर्चीत मागं रेलले आणि चांगल्या मनानं म्हणाले, छान, प्रश्नच मिटला, ही सगळी फाईल कारखान्याला ईमेल करा, परिशिष्ट म्हणून जोडू. एमडींचा माणूसही खुलला. म्हणाला, हे तर आमच्या सिस्टीमपेक्षा भारी आहे, सगळ्या स्टाफकडून दर आठवड्याला मागवू.

साहेबांनी अधिकाऱ्यांना विचारलं, "तुम्ही बघितलं?"

"बघितलं."

"आजी बोलल्या ते खरं?"

"खरं."

"मग झालं," साहेब म्हणाले. फोन हातात घेतला आणि बोटानं काहीतरी दाबलं. फोननं बहुतेक एकदा खात्री करून घेतली, कारण त्यांनी पुन्हा दाबलं. मग फोन टेबलावर ठेवला. नकाशा होता तसाच होता, विहिरी, बांध, सावली. निळी रेघ एकही नव्हती. एमडींचा माणूस उठून उभा राहिला. दाराशी वहिनींनी कपाळाला हात लावला. कित्येक वर्षांचं चालणं त्या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकलं होतं, आणि त्याच्याबरोबर त्याची सुटकाही.

बाहेर आल्यावर मी साहेबांना टोमणा मारलाच. म्हणाले, एवढं लपवलंत, पण आजींना तुमच्या मोज्यापर्यंत ठाऊक आहे. कुठल्या कंपनीला एवढं कळलं नसतं. साहेब अजून लालच होते. म्हणाले, "त्यांना मी दिसलो, तसं त्या मला दिसल्या की. भांडलो, ताक पिलो. कंपनी कुठं दिसती?" आणि वहिनींच्या मागं भराभर चालायला लागले, लोणच्याचं काहीतरी समजावत.

आता सगळं त्या अधिकाऱ्यांवर येऊन ठेपलं होतं. त्यांच्याकडं कागद नव्हता, फाईल नव्हती, होतं ते फक्त स्वतः बघितलेलं. त्यांनी अहवाल लिहिला. "सदर मार्ग मी स्वतः डोळ्यांनी पाहिले असून आरोप निराधार आहे," असं लिहून खाली सही केली. मला वाटलं नव्हतं, पण लिहिलं. आठ दिवसांत कारखान्यानं अहवाल परत पाठवला. शेरा होता, पुरावा जोडलेला नाही, सबब अहवाल ग्राह्य धरता येत नाही. तो शेराही मीच टाइप केला, आणि खरं सांगते, त्या दिवशी बोटं कीबोर्डवर नाचत होती.

अधिकारी तडक आले. एमडी मीटिंगमध्ये होते म्हणून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. तास दीड तास बसले. मी पाणी नेऊन दिलं तर घेतलं नाही. इतकी वर्षं सरकारात काढली, माझ्या सहीवर जमिनी इकडच्या तिकडं झाल्या, आणि हे मला विचारतात खरं कशावरून, असं ते माझ्याशी म्हणजे जवळजवळ भिंतीशी बोलले. मग आत गेले. आत काय झालं ते दाराबाहेर नीट ऐकू आलं. ते म्हणत होते, मग सगळ्यांचीच चौकशी लावा, त्या दुधाच्या टेम्पोपासून सुरुवात करू. टेम्पोचं त्यांना कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही असं मी तेव्हाही म्हणाले होते आणि आताही म्हणते. संध्याकाळपर्यंत साहेबांवरचा आरोप मागं घेतल्याचा आदेश निघाला. ठिपके पुढं वर्षभर चालू राहिले, कारण त्यांचं अभिनंदन होऊन गेलेलं होतं. साहेब निवृत्त होईपर्यंत शिवारातच होते.

आदेश हातात पडल्यावर अधिकारी लगेच गेले नाहीत. माझ्या टेबलापाशी घुटमळले आणि म्हणाले, "त्या आजी कुठल्या गावच्या?" साहेब तिथंच होते. त्यांनी टोपी घातली, मोटारसायकल काढली आणि त्या पांढऱ्या सफारीला मागं बसवून घेऊन गेले. तिथं काय झालं ते मी साहेबांना दुसऱ्या दिवशी विचारलं. वाटलं, आता म्हणतील गरज काय. पण त्यांनी सांगितलं. अधिकारी लिंबाखाली उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, आजी, तुम्ही त्या दिवशी खरं बोलत होता.

आजी जनावरांसाठी उसाचं वाढं तोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला म्हाईत हाय की. म्या तितंच व्हते."